पदाची फरदड नको

(नांदुरा तालुक्यातील एका गावच्या महिला बचत गटातर्फे शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आमच्या गटाच्या अध्यक्षबाईंनी यंदा गुढीपाडव्याच्या बैठकीत पद सोडले. अकरा वर्षे त्यांनी ते सांभाळले. गावात सगळे त्यांना काकू म्हणतात, इथेही आम्ही काकूच म्हणू. बातमी गावात पसरली आणि लोकांनी आम्हाला तीन प्रश्न विचारले. पैशाची काही भानगड झाली काय? बायांचे भांडण झाले काय? घरच्यांनी बंद केले काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. चौथा प्रश्न कोणी विचारलाच नाही. काकूंचे काम पुरे झाले होते काय? त्याचे उत्तर 'होय' असे आहे आणि तेच सांगायला आम्ही इथे उभ्या आहोत.

बाया बोलणार म्हटल्यावर पापड-लोणच्याचे काही ऐकायला मिळेल, असे कोणाला वाटले असेल तर त्याची निराशा होईल. आम्ही पैशाचे बोलणार आहोत आणि खुर्चीचे बोलणार आहोत. हे दोन्ही विषय पुरुषांच्या आवडीचे आहेत, तेव्हा त्यांनीही नीट ऐकावे.

आधी पैशाचे. आपला मुलूख कोरडवाहू. पूर्णेच्या अंगाला खारपाण, विहीर खोदली तरी पाणी खारे. कापूस आणि ज्वारी, दोन्ही पावसाच्या भरवशावर. घरात पैसा येतो तो कापूस विकल्यावर, म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. पैसा लागतो मात्र बाराही महिने, आणि सगळ्यात जास्त लागतो तो मृगाच्या तोंडावर. या दोहोंमधली खिंड सावकाराने ओळखली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे बसून जकात वसूल केली. बचत गटाने केले ते एवढेच, की या खिंडीत बायांचे स्वतःचे दुकान टाकले. बारा जणींनी महिन्याला शंभर शंभर रुपये टाकले तर वर्षाला १४,४०० रुपये होतात. रक्कम लहान आहे. पण ती आपली आहे, तिचे व्याज आपल्यातच फिरते आणि तिच्या आधारावर बँकेचे दार उघडते.

१९९२ साली नाबार्डने देशभरात पाचशे गट बँकांना जोडून पाहिले, तेव्हा बँकांना भीती होती की या बाया पैसे बुडवतील. बुडवले नाहीत, म्हणूनच योजना वाढली. २०११ पासून राज्यात 'उमेद'चे काम सुरू झाले, गटांचे ग्रामसंघ झाले, ग्रामसंघांचे प्रभागसंघ झाले. आज नियमाने चालणाऱ्या गटाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण द्यावे लागत नाही. बँक वावर लिहून मागत नाही, रजिस्टर बघते. बैठक वेळेवर होते काय, बचत वेळेवर जमते काय, कर्ज दिले काय, फिटले काय आणि हे सगळे लिहिलेले आहे काय, एवढे पाच प्रश्न विचारते. ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तिची पत या पाच उत्तरांवर उभी असते.

आता ही पाच उत्तरे तयार कोण करते? आमच्या गावात काकू करत होत्या. बैठकीची आठवण द्यायची. जी आली नाही तिच्या घरी जाऊन बचत आणायची. रजिस्टर लिहायचे. पैसे ओच्यात बांधून नांदुऱ्याला बँकेत जायचे. आज साहेब रजेवर आहेत, आज लिंक नाही, आज गर्दी आहे, उद्या या. बँकेचे नाव घेण्याची गरज नाही, ज्यांनी खेपा मारल्या त्यांना ते माहीत आहे. वेचणी किलोवर असते. वेचणीच्या दिवसांत नांदुऱ्याची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, वर भाडे गेले. अकरा वर्षांत अशा किती खेपा झाल्या असतील त्या तुम्हीच मोजा.

शेतकऱ्यांच्या सभांमधून आपण वर्षानुवर्षे काय सांगत आलो? कापसाचा उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी पुरी धरा. निंदणाऱ्या बाईचा घाम फुकटचा समजू नका. सरकार घरच्या मजुरीला कमी लेखते म्हणून आपण सरकारला धारेवर धरतो. मग गटांच्या हिशोबात अध्यक्षबाईंच्या खेपा कोणत्या पानावर असतात? बहुतेक गटांत कोणत्याच पानावर नसतात. समाजसेवा असा एक शब्द आहे, त्या शब्दाखाली त्या सगळ्या झाकल्या जातात. आणि मग नवी बाई पद घ्यायला तयार होत नाही, तेव्हा आपण म्हणतो, बायांना पुढे यायला नको. पुढे यायला नको असे नाही. तोट्याचा धंदा कोणाला नको असतो, एवढेच.

काकूंनी गेल्या दिवाळीच्या बैठकीत सांगितले, पाडव्याला मी पद सोडणार, आता कोण घेते बोला. कोणीच बोलले नाही. एकीला लिहिता-वाचता येत नव्हते, एकीचे पोर लहान, एकीचा नवरा बँकेत जाऊ देणार नाही, एकीला साहेबांशी बोलायची भीती. प्रत्येकीचे कारण खरे होते. काकूंनी कोणाला टोचून बोलले नाही. त्यांनी स्वतः करत होत्या ती सगळी कामे एकाखाली एक लिहायला लावली आणि म्हणाल्या, एकट्या बाईवर एवढी कामे टाकली तर कोणीही भिणारच, आधी कामे वाटा आणि मग पद द्या.

तशी कामे वाटली. रजिस्टर एकीकडे, वसुली दुसरीकडे, बँकेची खेप तिसरीकडे, ग्रामसंघाची बैठक चौथीकडे. बँकेत जो दिवस जाईल त्याचे भाडे आणि वेचणीच्या दराने मजुरी गटाच्या व्याजातून द्यायची, असा ठराव झाला. व्याज गटाचे, तर खेपही गटाची. बैठक संपताना तीन आकडे मोठ्याने वाचायचे ठरले: हातात किती, बँकेत किती, कोणाकडे किती. जिला वाचता येत नाही तिला ऐकता येते आणि कानाने ऐकलेला पैशाचा आकडा बाई विसरत नाही.

दिवाळीपासून पाडव्यापर्यंत, वेचणीचा सगळा हंगाम, नव्या अध्यक्षबाई काकूंबरोबर नांदुऱ्याला जात होत्या. पहिल्या खेपांना काकू बोलायच्या आणि त्या ऐकायच्या. नंतर त्या बोलायला लागल्या आणि काकू बाकावर बसून राहायला लागल्या. शेवटी शेवटी काकू बँकेच्या बाहेरच थांबायच्या.

सहीचे सांगितलेच पाहिजे, कारण गट मोडतात ते इथे. आमच्या खात्यावर तिघींच्या सह्या आहेत, दोघींच्या सहीने पैसे निघतात. तिन्ही सह्या आम्ही एकदम बदलल्या नाहीत, एकच बदलली. बैठकीत ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले, नव्या बाईंचे फोटो आणि आधारचे कागद जोडले आणि बँकेत दिले. एखाद्या ठिकाणी नवे खाते उघडायला गेलात आणि सगळ्याच बायांची कागदपत्रे आणा म्हणून परत पाठवले, तर विचारा की हा नियम कुठला. गटाचे बचत खाते उघडताना पदाधिकाऱ्यांची कागदपत्रे पुरतात, असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आहे. सगळ्या सभासदांची तपासणी कर्ज देतेवेळी करता येते.

आणि वेळ साधायची. मार्चअखेर हिशोब मिटतो, पाडव्याला ठराव करायचा, एप्रिल-मे महिन्यांत बँकेचे काम उरकायचे. जूनमध्ये मृग लागला की बी-खताला पैसा लागतो. त्या वेळेला सही अडकली म्हणजे सगळ्या घरांची पेरणी अडकली. पेरणी थांबत नाही, मग बाई दुसऱ्या दारी जाते. सावकाराला मृगाची तारीख बँकेपेक्षा चांगली माहीत असते. आता तर आठवड्याच्या हप्त्याने वसुली करणारे फायनान्सवाले गावोगाव मोटारसायकलवर फिरतात. वर्षाला शेकडा वीसच्या वर त्यांचे व्याज. पेरणी झाली तरी आणि दुबार पेरणी करावी लागली तरी, हप्त्याच्या दिवशी माणूस दारात उभा. बचत गट खिळखिळा झाला की त्यांचे फावते. अध्यक्षबाई कधी आणि कशी बदलते हा बायांचा घरगुती मामला आहे असे ज्या भावांना वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता खुर्चीचे बोलू.

इथे बसलेल्यांपैकी काही जणींच्या आया आणि सासवा नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला गेल्या असतील. शेतकरी बायांचा तो मेळावा लाखांच्या घरातला होता. घराच्या उंबऱ्याबाहेर न पडलेल्या बाया भाकरी बांधून गेल्या. पण मेळावा कितीही मोठा झाला तरी तिसऱ्या दिवशी बाई आपल्या वावरात निंदायला असते. मग राहिले काय? त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचे काम झाले, घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा तुकडा करून द्यायचा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते केले. शरद जोशी १२ डिसेंबर २०१५ रोजी गेले. सातबारावर चढलेली नावे त्यांच्याबरोबर गेली नाहीत. जे कागदावर लिहिले जाते आणि अनेकांच्या हाती दिले जाते तेच पुढाऱ्याच्या मागे उरते.

पंचायतीचेही बघा. १९९३ साली घटनादुरुस्ती लागू झाली, बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ साली आपल्या राज्यात त्या निम्म्या झाल्या. फार चांगले झाले. पण आरक्षण फिरते. बाई पाच वर्षांत काम शिकते, ग्रामसेवकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायला लागते, आणि तेवढ्यात जागा दुसऱ्या वर्गाला जाते. तिच्या जागी येणारी पुन्हा पहिल्या पायरीवर. कायद्याने खुर्ची बदलते. शिकवून बदलायचे कसे, ते कायद्याला जमत नाही. ते आपले आपणच केले पाहिजे.

करता येते काय? येते. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली कष्टकरी बायांची 'सेवा' ही संघटना उभी केली. भाजी विकणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या, डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बायांची. बँका दारात उभ्या करीत नव्हत्या म्हणून चार हजार बायांनी दहा-दहा रुपये घालून १९७४ साली स्वतःची बँक काढली. संघटना नावारूपाला आली, देशोदेशी गाजली, आणि १९९६ साली इलाबेनांनी सरचिटणीसपद सोडले. त्यांना कोणी काढले नव्हते, हात-पायही थकले नव्हते. २ नोव्हेंबर २०२२ रोजी त्या गेल्या. मधली सव्वीस वर्षे संघटना दुसऱ्या बायांनी चालवून दाखवली आणि ते बघायला त्या हयात होत्या. पुढाऱ्याला याहून मोठी कमाई कोणती?

आता आपल्याकडच्या पुरुषांच्या संस्था बघा. नावे घेत नाही, प्रत्येक तालुक्यात सापडतील. एकदा चेअरमन झाला की पंचवीस-तीस वर्षे तोच चेअरमन. मग त्याचा मुलगा. आरक्षण आले तर सून. सभासद फक्त वार्षिक सभेचा नाश्ता खायला. संस्था बुडाली की सगळे म्हणतात, माणूस चांगला होता हो, पण शेवटी शेवटी बिघडले. माणूस चांगला होता हेही खरे असेल. काकूंचे म्हणणे असे की चांगल्या माणसाकडूनच हे जास्त होते, कारण चांगल्या माणसाचा हिशोब कोणी तपासत नाही.

फरदड कोणाला समजावून सांगायला नको. डिसेंबर झाला, कापूस वेचून झाला, पण पराटी हिरवी दिसते, विहिरीला थोडे पाणी आहे, मग वाटते, राहू द्या उभी, दोन-चार क्विंटल अजून निघेल. निघतोही. पण त्या उभ्या पराटीच्या बोंडात गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामाला नव्या पिकावर उतरते. २०१७ साली विदर्भाने बोंडअळीचा तो फटका खाल्ला आहे. पराटी वाईट नव्हती. तिने हंगामभर बोंडे दिली. पण तिची वेळ झाली होती.

पदाचेही तसेच आहे. अध्यक्षबाई कितीही प्रामाणिक असो, वेळ उलटून गेली की रजिस्टर तिलाच समजते, बाकीच्या कोऱ्या कागदावर सही करतात, नव्या सुना गटात यायला कचरतात, आणि तिच्या पश्चात काय, असा प्रश्न काढणे अपमान वाटायला लागतो. गटाच्या नियमांत पदाधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलावेत असे सांगितलेले असते. काकूंना आम्ही दर खेपेला पुन्हा निवडले, कारण तोवर रजिस्टर लिहिणाऱ्या दुसऱ्या बाया तयार व्हायच्या होत्या. त्या तयार झाल्या तेव्हा त्यांनी पराटी स्वतः उपटली.

कोणी म्हणेल, चालत्या गाडीचा बैल कशाला बदलता? नवी बाई कच्ची निघाली तर? हा प्रश्न रास्त आहे. तोटा झालाच नाही असे आम्ही म्हणणार नाही. कोणत्या घरी पैशाची तंगी आहे हे काकूंना बाई तोंड उघडायच्या आत कळायचे. ती नजर ठरावाने दुसरीला देता येत नाही. नव्या सचिवबाईंचा पहिल्या बैठकीचा हिशोब जुळायला दोन तास लागले. काकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पेनला हात लावला नाही.

मे महिन्याच्या बैठकीत काकूंनी बी-बियाण्यासाठी कर्ज मागितले. त्याच बैठकीत दुसऱ्या एका बाईने मुलीच्या बाळंतपणासाठी मागितले. दोघींना पुरेल एवढी रक्कम नव्हती. नव्या अध्यक्षबाई काकूंपेक्षा वीस वर्षांनी लहान, काकूंच्या हातचे खाऊन मोठ्या झालेल्या. क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मग त्या म्हणाल्या, "काकू, तुमचा नंबर दुसरा. पुढच्या बैठकीत घ्या. आणि जामीन कोण, तेही सांगा." काकूंनी जामिनाचे नाव सांगितले आणि म्हणाल्या, "लिहून घे." पुढची बैठक मृगाच्या तोंडावर होती, पाऊस लवकर आला असता तर काकूंचीच पेरणी मागे पडली असती. अकरा वर्षे ज्या बाईने दुसऱ्यांचे नंबर लावले, ती स्वतः नंबरात उभी राहिली. पाडव्याला ठराव झाला होता, पण पद खरोखर बदलले ते त्या दिवशी.

मायबहिणींनो, तुमच्या गावी परत गेलात की एवढे करा. तुमच्या अध्यक्षबाई करतात ती सगळी कामे एकदा लिहून काढा आणि बैठकीत वाचून दाखवा. बँकेच्या खेपेची मजुरी ठरवा, मग ती घ्यायची की सोडायची ते त्या बाईला ठरवू द्या. पुढची अध्यक्ष आजच निवडा आणि वेचणीच्या हंगामात तिला बरोबर घेऊन फिरा. सही बदलायची ती पाडवा ते मृग या दिवसांत बदला. आणि पद सोडणाऱ्या बाईने घरून गट चालवू नये. विचारले तर सांगावे, नाही विचारले तर आपली बचत भरून घरी जावे.

भावांनो, तुम्हालाही थोडे सांगायचे आहे. गटाचे पासबुक तुमच्या खिशात ठेवू नका. बाईच्या जागी बैठकीला येऊन बसू नका. बैठकीच्या दिवशी भाकरी उशिरा झाली तर कुरकुर करू नका, त्याच बैठकीतून तुमच्या बियाण्याचा पैसा येतो. आणि तुमच्या सोसायटीत, तुमच्या संस्थेत, तुमच्या संघटनेत कोणाकोणाची पराटी मार्चपर्यंत उभी आहे, ते घरी गेल्यावर शांतपणे मोजा.

पाडव्याला काकूंना नारळ आणि लुगडे द्यावे असे आमच्यातल्या काही जणींचे म्हणणे होते. काकूंनी नको म्हटले. निरोप जाणाऱ्याला देतात, मी कुठे चालले, असे त्यांचे म्हणणे. दर महिन्याच्या बैठकीला शंभर रुपये घेऊन त्या येतात, ओळीत बसतात आणि तीन आकडे वाचून झाल्याशिवाय उठत नाहीत.